ढळत्या षड्जाचा पंचनामा

स्वर बिघडला आहे एवढे कळण्यास एक क्षण पुरतो. तो कोठे आणि कोणत्या कारणाने बिघडला हे कळण्यासाठी मात्र मला गेल्या वर्षीचा सबंध उन्हाळा खर्ची घालावा लागला. बारामतीस माझ्या घरी, माडीवरच्या खोलीत, एक मॉड्युलर सिंथेसायझर आहे. ज्याने हे वाद्य पाहिलेले नाही त्याच्यासाठी एवढेच सांगतो, की लाकडी पेटीत पुस्तकांप्रमाणे शेजारी शेजारी बसवलेले, बटणांनी आणि भोकांनी भरलेले पत्रे, त्यांपैकी एक स्वर निर्माण करणारा, एक त्याचा कर्कशपणा गाळणारा, एक त्याचा चढउतार ठरवणारा, आणि यांतील कोणाचाही कोणाशी कायमचा संबंध नाही, असे त्याचे स्वरूप असते. वादकाने हातभर लांबीच्या वायरी या भोकातून त्या भोकात घालून संबंध जोडावा, तेव्हा कोठे वाद्य जन्मास येते. आणि वायरी काढल्या की ते पुन्हा सुटे सुटे होऊन पडते.

त्यातील सिक्वेन्सर नावाच्या भागास आठ घरे असतात. प्रत्येक घरावर एक बटण. ते जितके फिरवावे तितका विजेचा दाब त्या घरातून बाहेर पडतो आणि तो दाब स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरला 'अमुक उंचीवर बोल' असा हुकूम देतो. घरे क्रमाने उजळत जातात आणि आठ स्वरांची एक ओळ अखंड फिरत राहते. ज्या बारामतीत बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहून मोरोपंतांनी आर्येची एकेक मात्रा मोजून पाहिली, त्या गावी बसून मला अनेकदा वाटत आले आहे, की या यंत्राचे काम आर्या रचणाऱ्याच्या कामापासून फारसे दूरचे नाही; कारण त्यास एकाच वेळी मात्रा मोजायची असते आणि त्या मात्रेवर नेमका वर्ण ठेवायचा असतो. मात्रेची चूक ताबडतोब कानावर आदळते. स्वराची चूक चोरपावलांनी येते.

माझी ओळ साधी होती : मंद्र षड्ज, पंचम, मध्य षड्ज, गंधार, पंचम, तार षड्ज, पुन्हा पंचम, पुन्हा मध्य षड्ज. शेजारी इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालू. सकाळी लावलेली ओळ तंबोऱ्यात दुधात साखर विरघळावी तशी विरघळत असे. आणि दुपारी तीच ओळ, बटणाला बोटही न लावता, कणसूर होत असे. मंद्र षड्ज जागच्या जागी, पंचम जरासा उतरलेला, आणि तार षड्ज तर ऐकवत नाही इतका उतरलेला. पुढे ओळ भरदार व्हावी म्हणून मी दुसरा ऑसिलेटर जोडला, तेव्हा सकाळीही ती स्थिती राहिली नाही.

२

या वाद्यकुळाचा इतिहास फार जुना नाही. १९६४ साली अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात रॉबर्ट मूग या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहवासात आपले पहिले मॉड्युलर यंत्र सिद्ध केले, आणि त्यासोबत एक असा करार प्रस्थापित केला की जो पुढे बहुतेकांनी मान्य केला : दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढावा. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुकला याने आपल्या यंत्रांसाठी १.२ व्होल्टला एक सप्तक असा वेगळा शिरस्ता ठेवला. परंतु लोकमान्य झाला तो मूगचा व्होल्ट.

आपल्या देशात हे यंत्र फार लवकर आले, ही गोष्ट अनेक वर्षे विस्मरणात गेली होती. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूगचे मॉड्युलर यंत्र उभे करून दिले, आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर १९७२ पर्यंत प्रयोग केले. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताच्या संशोधनातून त्या बाहेर आल्या आणि २०२३ साली प्रकाशित झाल्या. अहमदाबादच्या उन्हाळ्यात त्या जुन्या ऑसिलेटरांना एका जागी धरून ठेवताना या मंडळींना काय सायास पडले असतील, याची कल्पना मला आता बसल्या जागी करता येते. कारण मूगच्या पहिल्या पिढीतील ऑसिलेटर स्वर ढळण्याबद्दल जगभर प्रसिद्ध होते.

मुंबईत चित्रपटसंगीतात वादन करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक तबकडी काढली. रोलंड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही लहान यंत्रे व ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांच्या साहाय्याने त्यांनी भैरव, ललत, भूपाळी आदी राग सिक्वेन्सरच्या अविरत गतीवर मांडले. त्या तबकडीकडे तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगाने ती कौतुकाने ऐकली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टीबी-३०३ मध्ये सिक्वेन्सर आणि ऑसिलेटर एकाच डबीत नांदतात. दाबाला बाहेरचा प्रवास घडत नाही, आणि घडलाच तर त्याचा बंदोबस्त कारखान्याने आधीच केलेला असतो. मॉड्युलर यंत्रात हा प्रवास उघड्यावर होतो, आणि वाटेतल्या गळतीची जबाबदारी सर्वस्वी मालकावर येते.

३

तपासास आरंभ करण्यापूर्वी अपराधाचे मोजमाप झाले पाहिजे. सप्तकाचे १२०० भाग कल्पून त्यांतील एका भागास सेंट म्हणतात. एक व्होल्ट म्हणजे १२०० सेंट, तेव्हा एक सेंट म्हणजे व्होल्टचा १२०० वा भाग, सुमारे ०.८३ मिलिव्होल्ट. तंबोऱ्याशेजारी सहा सेंटांची चूक तयार कानाला खुपते. म्हणजे अवघ्या पाच मिलिव्होल्टांचा अपहार सबंध ओळ नासवण्यास पुरेसा आहे.

तपासात मला सर्वांत उपयोगी पडले ते पुढील वर्गीकरण. आणि ज्या कोणाचे यंत्र ढळत असेल त्याने एकही स्क्रू सैल करण्यापूर्वी ते मनाशी पक्के करावे असे मी आग्रहाने सांगेन. चूक जर सर्व स्वरांवर सारखीच असेल, म्हणजे मंद्रापासून तारापर्यंत सारी ओळच्या ओळ खाली घसरली असेल, तर दोष आरंभबिंदूत आहे. चूक जर स्वराच्या उंचीबरोबर वाढत असेल, खालचा षड्ज शाबूत आणि वरचा उतरलेला असेल, तर दोष प्रमाणात आहे. स्वर आरंभी बरोबर लागून मग हळूहळू ओघळत असेल, तर दाब धरून ठेवणाऱ्या घटकात गळती आहे. स्वराच्या मुखाशीच क्षणभर मागील स्वराचा डाग दिसत असेल, तर स्वराला आरंभ करून देणारा विजेचा ठोका आधी पोचतो आहे आणि दाब मागाहून. ठोक्याला एखाद-दोन मिलिसेकंद थोपवावे. आणि चुकीला काही नियमच नसेल, तर सैल वायर, मळलेले भोक अथवा झिजलेले बटण यांची जबानी प्रथम घ्यावी.

माझी चूक उंचीबरोबर वाढत होती. हे एवढे जरी मी पहिल्या दिवशी शांतपणे लिहून काढले असते, तरी तीन आठवडे वाचले असते. परंतु आमच्या भागात कोणतेही यंत्र बिघडले की प्रथम संशयित म्हणून विजेचे नाव पुढे येते, आणि त्यास अनुभवाचा आधारही आहे. उसाच्या पट्ट्यात विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातील दिवे मंदावतात. मीही हीच समजूत धरली. यंत्राच्या आत मात्र घरचा २३० व्होल्टचा दाब जसाच्या तसा कधीच पोचत नाही. पॉवर सप्लाय त्याचे अधिक बारा आणि उणे बारा व्होल्ट असे दोन स्थिर दाब करून देतो, आणि बाहेरची वीज बरीच खाली गेली तरी हे दोन दाब तो राखू शकतो. मी चांगला मल्टिमीटर आणून, दिवे मंदावण्याच्या वेळा साधून, ते दोन्ही दाब वहीत टिपले. ते ढळले नाहीत. ज्याच्यावर सर्वांचे बोट होते तो निर्दोष सुटला, आणि मोजल्याविना दोषारोप करू नये हा धडा पदरी पडला.

४

दुसरा संशयित उष्णता. ऑसिलेटरमध्ये एक गणिती रूपांतर घडते : दाब समान पायऱ्यांनी वाढतो, पण कंपनसंख्या प्रत्येक सप्तकास दुप्पट व्हावी लागते. हे काम ट्रान्झिस्टरच्या एका नैसर्गिक गुणावर सोपवलेले असते. त्याच्या मुखावरील दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढला की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. परंतु हा १८ चा आकडा तापमानाशी बांधलेला आहे. खोलीच्या तापमानाच्या आसपास दर अंशास तो जवळजवळ तीनशेव्या हिश्शाने वाढतो. म्हणजे पारा एक अंश चढला की त्याच दाबात सप्तकाची उडी पुरी पडत नाही, ती चार सेंटांनी तोकडी होते. दोन सप्तकांवर आठ, तीन सप्तकांवर बारा. बारामतीच्या उन्हाळ्यात पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचे अंतर पडणे ही नित्याची गोष्ट; उघड्या ऑसिलेटरला तेवढ्याने एका सप्तकात साठ सेंटांचा, म्हणजे अर्ध्याहून अधिक अर्धस्वराचा, फटका बसेल.

यावर उपाय म्हणून जुळे ट्रान्झिस्टर एकमेकांस चिकटवून बसवतात, ज्यायोगे एकाची उष्णतेने होणारी चूक दुसरा खोडून काढतो. आणि तापमानाबरोबर नेमक्या त्याच प्रमाणात वाढणारा एक खास रोधक त्यांच्या अंगाशी लावतात. या रोधकाचा स्पर्श सुटला, अथवा तो मुळातच नसला, की उपाय कागदावर राहतो. परीक्षा सोपी आहे. केस वाळवण्याचे यंत्र दूर धरून ऑसिलेटरवर ऊन वारा सोडावा आणि ट्यूनरचा काटा पाहावा. माझ्या एका ऑसिलेटरचा काटा हलला आणि स्थिरावला. दुसऱ्याचा खाली खाली जातच राहिला. उघडून पाहतो तो रोधक जुळ्यांपासून तांदळाच्या दाण्याएवढा दूर उभा होता. त्यास ट्रान्झिस्टरांच्या पाठीशी टेकवून, उष्णता वाहून नेणारा लेप लावून, मी तो बांधून घेतला.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अवकाशयानांच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंग घडवली गेली आहेत. धातूचे सूक्ष्म माप घेणाऱ्या कोणाही कारागिरास ठाऊक असते, की मापाला तापमानाचा दाखला जोडलेला नसेल तर ते माप नव्हे. जगभर लांबीचे प्रमाण २० अंश सेल्सिअसला धरले जाते ते यासाठीच. स्वराचेही तसेच आहे. तेव्हापासून यंत्र चालू केल्यावर अर्धा तास त्यास हात न लावण्याचा नेम मी केला, आणि ट्यूनिंगच्या वहीत स्वराशेजारी खोलीचे तापमान लिहू लागलो.

५

दुपारचा उतार थांबला. सकाळचा मात्र राहिला. दुसरा ऑसिलेटर जोडला की मध्य षड्ज बारा सेंट आणि तार षड्ज तेवीस सेंट उतरे. मंद्र षड्ज जिथल्या तिथे. ही गाठ सोडवली ती इंदापुरास, आणि ती सोडवणारा गृहस्थ आयुष्यात कधी सिंथेसायझरच्या जवळ गेलेला नव्हता.

वैशाखात एका संध्याकाळी यंत्र गाडीत घालून मी काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या पालखीच्या रस्त्याने इंदापुरास गेलो. ज्यांच्याकडे उतरलो ते कालव्याच्या खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. जेवणानंतर अंगणात यंत्र मांडून मी त्यांना दोष ऐकवला, एक ऑसिलेटर काढून दाखवला, पुन्हा जोडून दाखवला. आबांनी स्वरांविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी वायरी कोठून निघतात आणि कोठे जातात एवढेच बारकाईने पाहिले, आणि म्हणाले, "हे तर टेलचं दुखणं आहे. एका दारातून निघालेलं पाणी तुम्ही दोन शेतांना दिलंत. दोघांनी ओढ लावल्यावर उंची राहणार कशी?"

नीरा डावा कालवा वीर धरणाकडून पुरंदर आणि बारामती पार करीत इंदापूर तालुक्यात उतरतो, आणि टेलला पाणी पोचत नाही ही इंदापूरकरांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. हेडला दारे उघडतात, वाटेत फाटे फुटतात, आणि शेवटच्या शेताशी चारीत ओल तेवढी उरते. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली तीही या वाटपाच्या प्रश्नातूनच : पाणी किती आहे यापेक्षा ते कोणास, कोणत्या पाळीने आणि किती ओढीने दिले जाते यावर शेवटच्या माणसाचा न्याय अवलंबून असतो.

आबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझ्या सिक्वेन्सरच्या दाराशी एक हजार ओहमचा रोध आहे, आणि ऑसिलेटर एक लाख ओहमच्या तोंडाने तो दाब पितो. एक ऑसिलेटर असताना दर व्होल्टमागे सुमारे दहा मिलिव्होल्ट वाटेतच राहतात; परंतु ही गळती कायमची असल्याने आपण तिच्यासकट वाद्य जुळवून घेतो आणि ती कळतही नाही. मल्टिपल, म्हणजे एका वाटेचे अनेक फाटे करणारा भाग; साध्या मल्टिपलने तोच दाब दोघांत वाटला की गळती वीस मिलिव्होल्टवर जाते. हा वाढीव दहाचा हिसका एका व्होल्टवर बारा सेंट, दोन व्होल्टवर तेवीस. आणि शून्य व्होल्टच्या मंद्र षड्जावर काहीच नाही, कारण जेथे उंचीच नाही तेथे गळायचे काय? वर्गीकरणाने जे बोट दाखवले होते ते हेच, आणि उष्णतेची चूकही उंचीबरोबरच वाढत असल्याने दोन चोर एकाच अंगरख्यात फिरत होते.

यावरचा उपाय म्हणजे बफर असलेला मल्टिपल. त्याचे कार्य मी आबांना त्यांच्याच भाषेत सांगितले : कालव्याच्या कडेला उंची दाखवणारी पट्टी असते, मोजणीदार ती वाचतो, पण एक ओंजळही पाणी घेत नाही. बफर तो दाब केवळ वाचतो आणि स्वतःच्या साठ्यातून, त्याच उंचीचा, स्वतंत्र दाब प्रत्येक फाट्याला देतो. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असा मोजणीदार कालव्याला मिळाला असता, तर अर्धे तंटे मिटले असते." त्या वाक्यात त्यांची सारी नोकरी होती.

६

बफर बसवला, आणि उरली फक्त एक बारीक थरथर : ठरावीक घरी दिवे उजळले की सारी ओळ एकसारखी सहा सेंट हले. आता वर्गीकरणावर माझा विश्वास बसला होता. सर्वांवर सारखी चूक, म्हणजे आरंभबिंदू. सर्व भागांचा परतीचा प्रवाह ज्या एका सामाईक तारेने, ग्राउंडने, माघारी जातो, तीच प्रत्येक दाबाची शून्य रेषा असते. त्या तारेच्या एका सांध्यात अवघा ०.०५ ओहमचा रोध असला आणि तीतून १०० मिलिअँपिअरचा प्रवाह एकदम वाहिला, तर शून्यच पाच मिलिव्होल्टने उचलले जाते. स्वर हलला नव्हता. स्वर जेथून मोजायचा ती जमीन हलली होती. जाड तार घातली, सांधे घासून स्वच्छ केले, सिक्वेन्सरला वेगळी जोडणी दिली, आणि थरथर थांबली.

एवढ्या बारीक हिशेबाची आवश्यकता काय, असे मला विचारले जाते. त्याचे उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी दिले आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या थोर गायकाच्या साह्याने, तारेची लांबी मोजून, गळ्यातील श्रुतींची स्थाने निश्चित करण्याचा उद्योग आरंभला आणि १९१० साली पुण्यात बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी तो विषय पुढे नेला, आणि त्यातून श्रुती-हार्मोनियम घडले. त्यांच्या साऱ्या निष्कर्षांशी पुढील पंडित सहमत झाले असे नाही. परंतु स्वर ही मोजण्याच्या योग्यतेची वस्तू आहे ही त्यांची श्रद्धा मला शिरसावंद्य वाटते. पेटीचा गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. दाबात सांगायचे तर एक ०.३३३ व्होल्ट, दुसरा ०.३२२. गंधाराचे सारे माधुर्य या अकरा मिलिव्होल्टांत साठलेले आहे. सिक्वेन्सरच्या मोकळ्या बटणावर मी तो ०.३२२ चा गंधार लावू शकतो, जो पेटीच्या पट्टीवर लावता येत नाही. पण यंत्र जर वीस सेंट ढळत असेल, तर त्या स्वातंत्र्याचा अर्थ शून्य होतो. स्थैर्य हवे ते यंत्रवत् होण्यासाठी नव्हे, स्वयंभू गंधारास राहायला घर मिळावे म्हणून.

७

इंदापुराच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे परतताना वाटेतल्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह चालला होता, आणि पहाऱ्याची पाळी बदलण्याची वेळ झाली होती. मंडपात विणेकरी उभा होता. नवा माणूस समोर आला, दोघे एकमेकांच्या पाया पडले, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. सात दिवस ती जमिनीला टेकवायची नसते. मृदंग थांबेल, टाळ थांबतील, गाणाऱ्यांचे आवाज बसतील आणि पुन्हा उठतील, परंतु ज्या स्वराशी सर्वांनी यायचे तो स्वर कोणी ना कोणी धरून उभा असला पाहिजे. तो आपोआप राहत नाही. त्याला पाळी असते, आणि पाळीवर उभा राहणारा माणूस असतो.

घरी आल्यावर मी यंत्राची जोडणी नव्याने केली. एक ऑसिलेटर सिक्वेन्सरपासून अलग ठेवला. त्यास कोणताही हुकूम जात नाही, तो फक्त मंद्र षड्ज धरून असतो. अर्ध्या तासाने, आठ घरांची ओळ सुरू करण्यापूर्वी, मी त्या षड्जाशी तंबोरा मिळवतो, तापमान वहीत टिपतो, आणि मग पहिले घर उजळते.